कंपनीच्या गाडीवर खासगी पार्किंगची नोटीस आली तर काय करायचं? (इंग्लंड आणि वेल्ससाठी)

सुपरमार्केटच्या किंवा रिटेल पार्कच्या आवारात गाडी लावली आणि काही दिवसांनी शंभर पाउंडांची नोटीस घरी आली, हा अनुभव ब्रिटनमध्ये गाडी चालवणाऱ्या बऱ्याच जणांना आहे. गाडी स्वतःच्या नावावर असली तर काय करायचं ते कोणीही मित्र सांगतो. कंपनीची गाडी असली की मात्र गुंता होतो. नोटीस आधी लीज कंपनीकडे जाते, तिथून ऑफिसच्या गाड्या सांभाळणाऱ्या फ्लीट विभागाकडे, तिथून एचआरकडे. तुम्हाला कळतं तेव्हा कोणीतरी पैसे भरून मोकळं झालेलं असतं आणि ती रक्कम वर प्रशासन शुल्क लावून तुमच्या पगारातून कापायची तयारी चाललेली असते.

हा लेख मुख्यतः तिघांसाठी आहे. नोकरीत कंपनी कार किंवा सॅलरी सॅक्रिफाइसवर (पगाराचा काही भाग सोडून त्याबदल्यात) इलेक्ट्रिक गाडी मिळालेले, स्वतःची लिमिटेड कंपनी काढून कॉन्ट्रॅक्टवर काम करणारे, आणि केटरिंग, डबे, प्लंबिंग, डिलिव्हरी अशा धंद्यासाठी व्हॅन ठेवणारे. स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये कायदा वेगळा आहे. तिथे गाडीच्या कीपरवर (गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली असते किंवा ज्याच्या ताब्यात असते त्याच्यावर) आपोआप जबाबदारी टाकणारी तरतूदच नाही, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते तिथे जसंच्या तसं लावू नका.

आधी बघा, नोटीस कोणाची आहे

काउन्सिलची असेल तर ती पेनल्टी चार्ज नोटीस, खासगी कंपनीची असेल तर पार्किंग चार्ज नोटीस. दोन्हींचं लघुरूप पीसीएन आणि दोन्हींचा कागद दिसायला सारखाच, त्यामुळे घोटाळा होतो. वरचं नाव वाचा. काउन्सिल किंवा ट्रान्सपोर्ट फॉर लंडनचं नाव असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. ती कायद्याने लावलेली रक्कम आहे आणि तिचं अपील वेगळ्या न्यायाधिकरणाकडे जातं.

खासगी नोटीस म्हणजे सरकारी दंड नव्हे. जागेवरच्या फलकावर लिहिलेल्या अटी मान्य करून तुम्ही गाडी लावलीत, अटी मोडल्यात, म्हणून करारानुसार पैसे द्या, असा तो दावा असतो. म्हणून तो फाडून फेकून द्यावा असं मात्र नाही. ‘खासगी पार्किंगच्या नोटिशीकडे लक्षच देऊ नका’ हा सल्ला अजूनही व्हॉट्सॲपवर फिरतो. तो जुन्या काळातला आहे. १ ऑक्टोबर २०१२ पासून प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट २०१२ चं चौथं परिशिष्ट लागू झालं आणि गाडीच्या कीपरकडून वसुलीचा मार्ग खुला झाला. पुढे ४ नोव्हेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस या खटल्यात, चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कमध्ये दोन तासांच्या मर्यादेपेक्षा ५६ मिनिटं जास्त थांबल्याबद्दल लावलेले ८५ पाउंड योग्य ठरवले. तेव्हा ‘एवढी रक्कम बेकायदेशीर आहे’ हा मुद्दा एकटा पुढे करून आता काही होत नाही.

साखळी कागदावर मांडा

कंपनीच्या गाडीच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे, आणि लोक नेमकं हेच टाळतात. ‘मी गाडी चुकीच्या पद्धतीने लावली का?’ हा प्रश्न नंतरचा. आधी तीन नावं लिहून काढा:

१. व्ही५सी लॉगबुकवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) नोंदणीकृत कीपर म्हणून कोणाचं नाव आहे?
२. ती लीज कंपनी असेल तर तिच्याशी करार कोणी केलाय, तुमच्या मालकाच्या कंपनीने की तुम्ही स्वतः?
३. त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं?

पार्किंग कंपनी प्रत्येक चौकशीमागे डीव्हीएलएला (गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला) अडीच पाउंड भरून पहिलं नाव मिळवते. दुसरं नाव तिला लीज कंपनी सांगते. तिसरं नाव तिला कोणीतरी आपणहून सांगितल्याशिवाय कळत नाही. सॅलरी सॅक्रिफाइसच्या गाडीत बहुधा हायरर, म्हणजे लीज कंपनीकडून गाडी भाड्याने घेणारा, तुमचा मालक असतो, तुम्ही नव्हे. पण करार उघडून खात्री करा. व्हॅन कंपनीच्या नावावर रोखीने किंवा हायर पर्चेसवर (हप्ते फेडून शेवटी गाडी आपली होते अशा करारावर) घेतली असेल तर मधली कडी नाही. कंपनीच थेट कीपर.

त्याच दिवशी ईमेल: पैसे भरू नका

नोटिशीची कुणकुण लागताच लीज कंपनीला आणि आपल्या फ्लीट विभागाला लेखी कळवा, की ही खासगी नोटीस आहे, ती भरू नका, जबाबदारी हायररकडे वळवा. एकदा रक्कम भरली की अपील संपलं. भरलेले पैसे नंतर मागणं म्हणजे दोन वेगवेगळ्या कंपन्यांशी भांडण. काही लीज करारांत ‘आम्ही दंड भरू आणि तुमच्याकडून वसूल करू’ असं कलम असतं. ते कलम नीट वाचा, कारण बऱ्याच ठिकाणी त्यातला शब्द ‘फाइन’ किंवा ‘पेनल्टी’ असा असतो आणि खासगी पार्किंगचा दावा त्यात बसतो की नाही यावर वाद घालता येतो. नोटीस वळवण्याचं प्रशासन शुल्क मात्र करारात लिहिलेलं असेल तर बहुतेक वेळा द्यावंच लागतं. तिथे डोकं आपटू नका.

याच ईमेलमध्ये आणखी एक वाक्य घाला: चालकाचं नाव आत्ता कोणालाही देऊ नका. कारण पुढे येतं.

तारखा मोजा

कंपनी स्वतः कीपर असेल आणि नोटीस कॅमेऱ्यावरून, म्हणजे काचेवर काही न चिकटवता, पोस्टाने आली असेल तर ती गाडी उभी राहिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजून १४ दिवसांच्या आत कीपरला मिळाली पाहिजे. पोस्टात टाकल्यानंतरच्या दुसऱ्या कामाच्या दिवशी ती मिळाली असं कायदा धरतो. उदाहरण घेऊ. गाडी मंगळवार, ३ मार्च २०२६ ला आवारात होती. मोजणी ४ मार्चपासून सुरू, चौदावा दिवस १७ मार्च. पत्र शुक्रवारी १३ तारखेला पोस्टात पडलं तर मंगळवारी १७ ला पोचलं असं धरतात, म्हणजे जेमतेम वेळेत. सोमवारी १६ ला पडलं तर १८ उजाडतो आणि मुदत चुकली. पाकिटावरचा शिक्का म्हणूनच फेकू नका. ऑफिसात टपाल उघडणाऱ्याला सांगून ठेवा की पार्किंगचं पत्र पाकिटासकट द्यायचं, आणि वर आल्याची तारीख लिहायची.

काचेवर आधी नोटीस चिकटवली असेल तर हिशेब वेगळा. मग कीपरला पाठवायची नोटीस २८ दिवस उलटून गेल्यावर आणि ५६ दिवसांच्या आत यावी लागते. लवकर आली तरी चूक, उशिरा आली तरी चूक.

मुदत चुकली म्हणजे दावा संपला असं नाही. पार्किंग कंपनी अजूनही चालकाकडे पैसे मागू शकते. तिच्या हातून जातो तो या कायद्याखाली कीपरला धरण्याचा हक्क. कोण चालवत होतं हे तिला ठाऊक नसेल तर तो फार मोठा फटका असतो.

नोटिशीतला मजकूरही तपासा. कोणती जागा, किती वेळ गाडी उभी होती, आणि २८ दिवसांनंतर कीपर जबाबदार ठरेल हा इशारा, हे सगळं त्यात हवं. कॅमेरा आत शिरण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ टिपतो. जागा शोधत फिरण्यात, रांगेत थांबण्यात गेलेली मिनिटं त्यातच धरली जातात. पार्किंग कंपन्यांच्या दोन्ही व्यापारी संघटनांची संयुक्त आचारसंहिता १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. तिच्यानुसार ठरलेली वेळ संपल्यावर १० मिनिटांची सवलत मिळते, आणि सुरुवातीला फलक वाचून थांबायचं की नाही ते ठरवायला साधारणपणे किमान ५ मिनिटं.

एक गोष्ट पटकन सांगून टाकतो: ज्या विमानतळांच्या, रेल्वे स्थानकांच्या किंवा बंदरांच्या जागेवर बायलॉज (त्या जागेचे स्वतंत्र कायदेशीर नियम) लागू आहेत तिथे हे चौथं परिशिष्ट चालत नाही. तिथली नोटीस खासगी कंपनीने पाठवली असेल तर कीपरची जबाबदारी या कायद्याने सिद्ध होत नाही. मुलाला विमानतळावर सोडायला गेलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

लीजची गाडी असेल तर तीन कागद मागा

हा मुद्दा सगळ्यात कामाचा, आणि फ्लीटवाल्यांनाही तो अनेकदा माहीत नसतो. परिशिष्टातल्या १३ आणि १४ व्या परिच्छेदात लीज कंपनी जबाबदारीतून कशी सुटते आणि हायरर कसा अडकतो ते सांगितलंय. लीज कंपनीने कीपरची नोटीस मिळाल्यापासून २८ दिवसांत पार्किंग कंपनीला तीन गोष्टी द्यायच्या: गाडी त्या वेळी अमुक हायररकडे भाड्याने होती असं सहीचं निवेदन, भाडेकराराची प्रत, आणि हायररने सही केलेल्या जबाबदारी-पत्राची प्रत. त्यानंतर २१ दिवसांत पार्किंग कंपनीने हायररला नवी नोटीस पाठवायची, आणि तिच्याबरोबर हे तिन्ही कागद व मूळ नोटिशीची प्रत जोडायची.

प्रत्यक्षात काय होतं? लीज कंपनी पार्किंगवाल्यांच्या पोर्टलवर हायररचं नाव आणि पत्ता टाकते, बस. पार्किंग कंपनी एक पानी पत्र पाठवते, सोबत काहीच नाही. मग कायद्याची अट पुरी झालेली नसते आणि हायरर या कायद्याखाली जबाबदार ठरत नाही. तुमच्या हातातलं पाकीट उघडून पानं मोजा. करार नसेल, जबाबदारी-पत्र नसेल, मूळ नोटीस नसेल, तर अपिलातला पहिला मुद्दा तोच. हायर पर्चेसचा करार मात्र यात ‘भाडेकरार’ धरला जात नाही, हे ध्यानात असू द्या.

१४ दिवसांचा हिशेब इथे लीज कंपनीच्या दारात होतो. तुम्हाला पत्र सहा आठवड्यांनी मिळालं म्हणून मुदत टळली असा अर्ज करणारे बरेच असतात. तो मुद्दा टिकत नाही.

चालकाचं नाव द्यायचं का?

वेगमर्यादा मोडल्याची पोलिसांची नोटीस आली तर चालक कोण हे सांगणं बंधनकारक आहे, न सांगणं गुन्हा आहे. खासगी पार्किंगला तसं बंधन नाही. त्यामुळे पत्रात ‘मी गाडी लावली’, ‘आमचा ड्रायव्हर दुकानात गेला’ असली वाक्यं टाळा. ‘चालकाने’ असं तृतीयपुरुषी लिहा. मराठी माणसाला सगळी हकिकत पहिल्यापासून सांगायची सवय असते. मुलाला ताप होता, औषध घ्यायला थांबलो, मशीन बंद होतं... ही हकिकत खरी असली तरी पहिल्याच ओळीत चालक कोण ते कबूल झालेलं असतं.

पण इथे एक खड्डा आहे आणि तो फक्त कंपन्यांसाठी आहे. ‘कंपनी काही गाडी चालवत नाही, मग ती जबाबदार कशी?’ असं म्हणून लोक निश्चिंत राहतात. कंबाइन्ड पार्किंग सोल्युशन्स विरुद्ध एजेएच फिल्म्स या २०१५ च्या अपील न्यायालयाच्या निर्णयाचा आधार पार्किंग कंपन्या घेतात, तो असा: कर्मचाऱ्याने कंपनीच्या कामासाठी गाडी लावली असेल तर तो कंपनीचा प्रतिनिधी धरला जाऊ शकतो आणि कंपनी देणेकरी ठरू शकते. म्हणजे डिलिव्हरीची व्हॅन ग्राहकाच्या इमारतीखाली उभी होती आणि मंगळवारी दुपारचे दोन वाजले होते, तर तारखेच्या चुकीवर सगळी भिस्त ठेवू नका. रविवारी संध्याकाळी सिनेमागृहाच्या आवारात उभी असलेली कंपनी कार हा वेगळा मामला.

चूक चालकाची स्पष्ट असेल, नोटीस कायद्याबरहुकूम असेल आणि कंपनीला त्यात पडायचं नसेल, तर चालकाला विचारून त्याचं नाव देणं सरळ. फक्त ते त्याच्या पाठीमागे करू नये.

अपिलाआधी जागेच्या मालकाला गाठा

नोटीस लावणारी कंपनी जागेची मालक नसते. सुपरमार्केट, हॉटेल किंवा हाउसिंग असोसिएशनने तिला नेमलेलं असतं. दुकानाच्या मॅनेजरला पावती दाखवून नम्रपणे विनंती केली तर नोटीस रद्द करून घेता येते. कंपनीच्या गाडीला इथे फायदा आहे, कारण आपण बहुधा कोणाच्या तरी बोलावण्यावरून गेलेलो असतो. ज्या ग्राहकाकडे बॉयलर दुरुस्त केला, ज्या सोसायटीत लग्नाचं जेवण पोचवलं, त्यांच्याकडून दोन ओळींचं पत्र घ्या आणि त्यांच्याच मॅनेजिंग एजंटला पाठवायला सांगा.

सामान चढवत-उतरवत असाल तर २०१६ चा जॉप्सन विरुद्ध होमगार्ड सर्व्हिसेस हा काउंटी कोर्टाचा अपील निर्णय हाताशी ठेवा. इमारतीच्या दाराशी थांबून एक टेबल आत नेण्यापुरती गाडी उभी करणं म्हणजे ‘पार्किंग’ नव्हे, असं त्यात न्यायाधीशांनी म्हटलं. हा निर्णय इतर न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण वजनदार आहे. डिलिव्हरी नोट, वेळ असलेला फोटो, ग्राहकाची सही जोडा.

अपील

पहिलं अपील पार्किंग कंपनीकडेच, २८ दिवसांत. रक्कम साधारणपणे १०० पाउंडांपर्यंत असते आणि १४ दिवसांत भरली तर ४० टक्के सूट, म्हणजे ६० पाउंड. १४ दिवसांच्या आत अपील केलं आणि ते फेटाळलं तर सवलतीच्या दरात भरायला पुन्हा १४ दिवस मिळतात, तेव्हा पहिलं अपील लवकर करण्यात काही गमावत नाही.

अपील कंपनीच्या नावाने, लेटरहेडवर, ‘आम्ही या गाडीचे कीपर’ किंवा ‘हायरर’ असं स्पष्ट लिहून करा. मुद्दे थोडके ठेवा: तारीख चुकली, कागद जोडले नाहीत, फलक दिसत नव्हता, पैसे भरले होते. शून्याऐवजी ओ टाइप झाला अशी किरकोळ चूक असेल तर आचारसंहितेनुसार नोटीस रद्द व्हायला हवी. मशीनमध्ये कंपनीच्याच दुसऱ्या गाडीचा नंबर टाकला असेल तर ती मोठी चूक धरली जाते. पैसे भरल्याचा पुरावा देऊन रक्कम २० पाउंडांवर आणण्याची मागणी करा. चार व्हॅन असलेल्या धंद्यात पार्किंगच्या ॲपवर जुनाच नंबर निवडलेला राहणं हे नेहमीचं आहे.

नकार आला की पुढचं दार कोणतं ते पार्किंग कंपनी कोणत्या संघटनेची सभासद आहे यावर ठरतं. ब्रिटिश पार्किंग असोसिएशन असेल तर पोप्ला, इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटी असेल तर आयएएस, या दोन्ही अपील ऐकणाऱ्या सेवा. पोप्लाला नकाराबरोबर मिळालेला कोड वापरून २८ दिवसांत अपील करा. फी नाही, आणि निर्णय पार्किंग कंपनीला बंधनकारक असतो, तुम्हाला नाही. सवलतीच्या ६० पाउंडांत भरण्याची संधी मात्र जाते. कागद न जोडल्याचा हायररचा मुद्दा पोप्लाकडे मांडण्यासारखा आहे. आयएएसकडून मी स्वतः फार अपेक्षा ठेवत नाही.

आणि नोटीस बरोबर असेल, तासभर जास्त थांबलेला असाल, फलक ठळक असेल, तर ६० पाउंड भरून मोकळं व्हा. सहा महिने पत्रव्यवहार करण्यात कंपनीचा वेळ जातो, त्याचीही किंमत असतेच.

वसुलीची पत्रं आणि कोर्ट

नंतर वसुली एजन्सीची लाल अक्षरांतली पत्रं येतात, रकमेत ७० पाउंड वाढलेले. या एजन्सीला घरी किंवा ऑफिसात येऊन काही उचलण्याचा अधिकार नाही. तो कोर्टाच्या निकालानंतर, कोर्टाने नेमलेल्यांनाच. ही पत्रं फाइलला लावा.

दाव्यापूर्वीचं पत्र आणि कोर्टाचा दावा मात्र कधीही बाजूला ठेवू नका. व्यक्तीला, अगदी सोल ट्रेडरलाही (कंपनी न काढता स्वतःच्या नावाने धंदा करणाऱ्यालाही), दाव्यापूर्वीच्या पत्राला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात. लिमिटेड कंपनीला तो नियम लागू नाही. तिला १४ दिवसच दिले जाऊ शकतात. तसंच, आपला डेटा दाखवा अशी मागणी व्यक्ती करू शकते, कंपनी करू शकत नाही, कारण तो हक्क जिवंत माणसांचा आहे.

दावा आला की तो बजावला गेल्याच्या तारखेपासून १४ दिवसांत कोर्टाला पोच द्या; मग बचाव दाखल करायला एकूण २८ दिवस होतात. दावा नेमका कोणावर आहे ते बघा. नोटीस कंपनीला आणि दावा संचालकाच्या वैयक्तिक नावावर, असंही होतं. मग पहिला बचाव तोच. मे २०२४ पासून अशा छोट्या दाव्यांत फोनवरची मोफत मध्यस्थी सक्तीची आहे. सुनावणीला कंपनीतर्फे संचालक किंवा कर्मचारी उभा राहू शकतो, वकील लागतोच असं नाही.

उत्तर दिलं नाही तर एकतर्फी निकाल लागतो. महिन्याभरात पूर्ण रक्कम भरली तर निकालाची नोंद निघते, नाहीतर सहा वर्षं राहते, आणि छोट्या कंपनीला बँकेचं कर्ज किंवा पुढचं लीज मागताना ती नडते. असे निकाल बहुतेक वेळा जुन्या पत्त्यामुळे लागतात. ऑफिस हाउन्सलोहून स्लावला हलवलं, कंपनीज हाउसला (कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयाला) कळवलं, पण व्ही५सीवर पत्ता तोच राहिला. निकाल रद्द करून घेण्याच्या अर्जाची फीच तीनशे पाउंडांच्या वर आहे. पत्ता डीव्हीएलएला कळवायला काही पैसे पडत नाहीत.

कंपनीच्या आतला हिशेब

मालक असाल तर एक लक्षात घ्या: कर्मचाऱ्याच्या पगारातून ही रक्कम कापायची असेल तर त्याची मुभा नोकरीच्या करारात हवी, नाहीतर त्याची आधी घेतलेली लेखी संमती हवी. एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्ट १९९६ चं १३ वं कलम हेच सांगतं. कर्मचारी असाल तर एचआरला पहिल्यांदा तेच कलम विचारा, आणि अपील चालू असेपर्यंत कपात थांबवा असं लेखी मागा.

अकाउंट्समध्ये या रकमेवर व्हॅटचा परतावा मागू नका. अटी मोडल्याबद्दलची ही भरपाई आहे, सेवेचा मोबदला नाही, असं अपील न्यायालयाने २०१३ मध्ये व्हेइकल कंट्रोल सर्व्हिसेसच्या खटल्यात ठरवलं होतं. मशीनमध्ये भरलेल्या नेहमीच्या पार्किंग शुल्काची पावती वेगळ्या फाइलला आणि नोटिशीचे पैसे वेगळ्या खात्याला लावले की वर्षअखेरीस अकाउंटंटशी वाद होत नाही.